एका शिंगावरचा पाऊस

आमच्या नगर जिल्ह्यात पाऊस किती पडतो, असा प्रश्न कोणी पाहुण्याने विचारला की मी त्याला उलट विचारतो, "कुठल्या शिंगावर?" पाहुणा बुचकळ्यात पडतो. मग त्याला सांगावे लागते, की बैलाच्या एका शिंगावर पाऊस पडतो आणि दुसरे शिंग कोरडे राहते, असे आमच्याकडची म्हातारी माणसे म्हणतात; आणि ती काही थट्टेने म्हणत नाहीत.

जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर टांगून पाहावा. पश्चिमेचे टोक सह्याद्रीच्या कड्याला टेकलेले, पूर्वेचे टोक बीडच्या माळाला लागलेले. क्षेत्रफळ सतरा हजार चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक. महाराष्ट्रात एवढा ऐसपैस जिल्हा दुसरा नाही. २०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले, आणि जामखेड तालुक्यातल्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंचे नाव जिल्ह्याला मिळाले. जिभेला मात्र जुनी सवय आहे. बोलण्याच्या ओघात 'नगर' येते, ते वाचकांनी चालवून घ्यावे. तर या जिल्ह्याचा वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरांच्या पुढेमागे सांगतात. ही सरासरी म्हणजे घाटघरच्या माणसाची निथळती घोंगडी आणि संगमनेरच्या माणसाचे कोरडे उपरणे एकत्र शिवून केलेले वस्त्र आहे. ते दोघांपैकी कोणाच्याच अंगाला बसत नाही.

मराठीच्या मास्तराला या भानगडीत पडण्याचे काय कारण, असे कोणी म्हणेल. माझा पावसाशी संबंध खरे तर शब्दांपुरता. दर जूनमध्ये मी मुलांना घरोघरचे पावसाचे शब्द टिपून आणायला सांगतो. वळीव, भुरभुर, झिमझिम, रिपरिप, संततधार हे तर सगळ्यांनाच येतात. पण एखादी मुलगी आजीला विचारून पुनर्वसूचा 'तरणा' आणि पुष्याचा 'म्हातारा' घेऊन येते, हस्ताचा 'हत्ती' येतो, आणि तासाला रंग चढतो. त्याहून मला आवडतात ते मोजण्याचे शब्द. पागोळ्या गळण्यापुरता पाऊस, वीतभर ओलीचा पाऊस, पाभर चालण्याजोगा पाऊस, ओढ्याला पाणी आणणारा पाऊस. ही मापे ज्याची त्याने आपल्या वावरात, आपल्या डोळ्यांनी घ्यायची. त्यावर वाद होत नसे, कारण त्या मापावर कोणाचे पैसे अडलेले नसत.

आता अडतात. माझा एक जुना विद्यार्थी पाथर्डी तालुक्यात शेती करतो. गावाचे नाव मुद्दामच देत नाही. बी. ए.ला त्याने मराठी घेतले होते आणि त्याचे अक्षर मोत्यासारखे होते; आता त्याचे दोन एकर डाळिंब आहे. काही वर्षांपूर्वी सप्टेंबरातल्या एका रात्री त्याच्या शिवारावर तीन तास असा पाऊस झाला की बांध फुटले, बागेत गुडघाभर पाणी उभे राहिले, फळे तडकली आणि पाठोपाठ तेल्या आला. त्याने हवामानावर आधारित फळपीक विमा उतरवलेला होता. या विम्याची रीत अशी, की झाडाखाली येऊन नुकसान पाहायचे नाही. महसूल मंडळाच्या हवामान केंद्रातल्या यंत्राने ठरलेल्या आकड्याहून अधिक पाऊस नोंदवला तर भरपाई, नाही तर नाही. ते यंत्र त्याच्या बागेपासून अकरा किलोमीटरांवर, मध्ये डोंगराची सोंड. यंत्रात त्या रात्री जो पाऊस साठला, तो अटीच्या निम्मासुद्धा नव्हता.

"सर," तो फोनवर म्हणाला, "रडारचं चित्र मी त्या रात्री मोबाइलवर स्वतः बघितलं. आमच्या गावावर लालभडक ठिपका होता. रडार सरकारचंच ना? मग ते का धरत नाहीत?"

मला काही उत्तर देता आले नाही. पण प्रश्न मनात राहिला, आणि गेल्या पावसाळ्यात छत्री आणि वही घेऊन मी जिल्ह्याच्या दोन्ही टोकांना जाऊन आलो.

पहिली फेरी जुलैत, पश्चिमेची. नगरहून संगमनेर, तिथून अकोले, मग राजूर आणि शेंडी, एस. टी.च्या गाड्या बदलत दीडएकशे किलोमीटरांचा प्रवास. यातला संगमनेरनंतरचा सारा रस्ता प्रवरेच्या उगमाच्या दिशेने चढत जातो. ही नदी रतनगडाच्या कुशीत जन्मते आणि ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या नेवाशावरून पुढे जाऊन गोदावरीला मिळते. संगमनेरच्या स्थानकावर मी शर्टाची वरची गुंडी काढून उसाचा रस प्यालो, इतके ऊन होते. अकोले सोडल्यावर आभाळ खाली आले. राजूरनंतर ड्रायव्हर काच आतून फडक्याने पुसू लागला, आणि शेंडीला उतरलो तेव्हा छत्रीचा उपयोग वारा कोणीकडून येतो एवढे कळण्यापुरताच उरला. एका दुपारीत मी चार निरनिराळ्या ऋतूंतून आलो होतो.

भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले. अकरा हजार एकोणचाळीस दशलक्ष घनफूट पाणी त्यात मावते, आणि खाली श्रीरामपूर-राहुरीपर्यंतचा ऊस या धरणाच्या भरण्याकडे डोळे लावून बसलेला असतो. धरणाच्या कडेने घाटघरला निघालो. वाटेत भाताची आवणी चालली होती. इरली आता थोडी. बहुतेकींच्या पाठीवर प्लॅस्टिकचे कागद. घाटघरचा वर्षाचा पाऊस पाच हजार मिलिमीटरांच्या घरात. संगमनेरचा पाचशेच्याही आत. कावळ्याच्या वाटेने मोजले तर दोहोंमध्ये साठ किलोमीटरसुद्धा नाहीत.

घाटघरच्या कोकणकड्यावर जाऊन उभा राहिलो. पलीकडे काही दिसत नव्हते; पण एक गोष्ट तिथे अंगावर येऊन कळली, आणि पुढे तिचा फार उपयोग झाला. इथला पाऊस वरून येत नाही. ढग कोकणातून कड्याला घासत वर चढतो, आपल्या पायांशी येतो, गुडघ्यांना लागतो, आणि डोक्यावरून जाता जाता बारीक, दाट, न थांबणारा पाऊस होऊन जातो. कापूस पिंजावा तसा. गडगडाट नाही, वीज नाही. उंच ढगांचा थाट नाही. आणि तरी दिवसाकाठी दोन-दोनशे मिलिमीटर.

एका कचेरीच्या आवारात, तारेच्या कुंपणात, पर्जन्यमापक होते. वरती नरसाळे, आत बाटली, शेजारी काचेचे मापपात्र. रोज सकाळी साडेआठला बाटलीतले पाणी त्यात ओतायचे आणि आकडा वहीत लिहायचा. घाटघरसारख्या ठिकाणी बाटली भरून वाहू नये म्हणून मध्येच रिकामी करावी लागते. या साध्या भांड्याचा इतिहास जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धान्याच्या कोठारात हातभर तोंडाचे कुंड ठेवून पाऊस मोजायला सांगितले आहे, आणि निरनिराळ्या प्रदेशांच्या पावसाची मापेही दिली आहेत. गोदावरीकाठच्या अश्मकाचा पाऊस बेताचा सांगितला आहे, आणि अपरान्त, म्हणजे आपले कोकण, तेथील पाऊस मोजण्यापलीकडचा! सह्याद्रीच्या अलीकडचा आणि पलीकडचा हा भेद त्या ग्रंथकाराला ठाऊक होता. तिथेही पाऊस मोजला जात होता तो कोठारात, हे ध्यानात घ्यावे. आकड्याचा आणि धान्याचा संबंध तेव्हापासूनचा.

भांडे खरे बोलते. पण किती जागेबद्दल बोलते? आपल्याकडच्या नेहमीच्या पर्जन्यमापकाचे तोंड दोनशे चौरस सेंटीमीटरांचे असते, म्हणजे लहानशा ताटलीएवढे. जिल्ह्यात मंडळामंडळांची मिळून अशी शंभर मापके धरली, तर साऱ्यांची तोंडे एकत्र करून क्षेत्रफळ भरते दोन चौरस मीटर. एका बाजेएवढी जागा! सतरा हजार चौरस किलोमीटरांवर काय पडले, ते आपण एका बाजेवर पडलेल्या पाण्यावरून ठरवतो. त्यात एखाद्या यंत्रावर बाभळीची फांदी आलेली असते, एखाद्याच्या नरसाळ्यात पाने अडकलेली असतात, आणि वारा जोराचा असेल तर थेंब तोंडावरून तिरपे निघून जातात. स्वयंचलित यंत्रात पाण्याने भरून उलटणारी इवलीशी वाटी असते. फार जोराच्या पावसात ती उलटण्याच्या गडबडीत थोडे पाणी निसटून जाते. भांड्याची चूक बहुधा कमी दाखवण्याकडेच झुकते.

आणि दोन भांड्यांच्या मधल्या जागेचे काय? २६ जुलै २००५ ची मुंबई कोणी विसरलेले नाही. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला ७३ च्या आसपास. नुसते कुलाब्याचे भांडे असते, तर मुंबईत त्या दिवशी पावसाळी हवा होती, यापलीकडे कागदावर काही उमटले नसते. त्यानंतरच्या वर्षांत कुलाब्याला डॉप्लर रडार बसले, आणि २०२२ साली मुंबईच्या उपनगरात वेरावलीला दुसरे.

पुण्यात माझे एक स्नेही आहेत. त्यांचे आयुष्य हवामानखात्याच्या 'सिमला ऑफिस' नावाच्या दगडी इमारतीत गेले. पुण्यातल्या इमारतीला सिमल्याचे नाव का, ही कथा गमतीची आहे. कचेरी १९२८ च्या सुमारास सिमल्याहून पुण्याला आली आणि नाव सामानाबरोबर आले. त्यांच्याकडे मी विद्यार्थ्याचा प्रश्न घेऊन गेलो. त्यांनी चहा सांगितला आणि मलाच प्रश्न केला, "रडार पाऊस मोजतं, असं तुम्हांला कोणी सांगितलं?"

रडार पाऊस मोजत नाही. ते लहरींचा एक ठोका आभाळात सोडते आणि थेंबांवर आपटून परत येणारा क्षीण प्रतिसाद ऐकते. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने शोधताना पडद्यावर पावसाचेही ठिपके उमटत, आणि ते त्या वेळी अडथळा म्हणून शिव्या खात. युद्ध संपल्यावर तोच अडथळा शास्त्राचा विषय झाला. १९४८ साली कॅनडात मॉन्ट्रियल येथे मार्शल आणि पामर यांनी थेंबांच्या आकारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून प्रतिसादाच्या जोरावरून पावसाचा अंदाज काढणारे सूत्र रूढ झाले. आजही जगभर त्याचे किंवा त्याच्या भावंडांचे राज्य आहे. अडचण सूत्रात नाही, थेंबात आहे.

ती अशी. एका थेंबाचा व्यास दुसऱ्याच्या दुप्पट असेल, तर त्यात पाणी आठपट असते, दोनाचा घन. पण रडारला तो चौसष्टपट मोठ्याने हाक मारतो; दोनाचा सहावा घात. म्हणजे दोन मिलिमीटरांचा एक टपोरा थेंब आणि एक मिलिमीटराचे चौसष्ट थेंब, दोघांचा आवाज रडारच्या कानी सारखाच. पाणी मात्र एकीकडे आठ भाग आणि दुसरीकडे चौसष्ट! रडारने यातले काय समजायचे? ते सरासरी थेंब धरते आणि अंदाज बांधते. यंत्राचा कान जरासा बिघडला, तरी अंदाजात पंधरा टक्क्यांची चूक सहज शिरते.

परत आल्यावर हे मी वर्गात सांगितले, तेव्हा मुलांना ते पटेना. मग त्यांना विल्सन बेंटली या अमेरिकन गृहस्थाची गोष्ट सांगितली. व्हरमाँटमधला हा शेतकरी हिमकणांच्या छायाचित्रांसाठी प्रसिद्ध आहे. पण त्याने पिठात थेंब धरून त्यांचे आकार मोजले होते, ते विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी. वसतिगृहातल्या मुलांनी खानावळीतून गव्हाचे पीठ मिळवले, चाळून परातीत पसरले आणि पाऊस आला की दोन-दोन सेकंद परात उघडी धरली. थेंबागणिक पिठाची गोळी होते. ती वाळवून चाळणीने वेगळी करायची. ऑगस्टातल्या भुरभुरीने परातीत मोहरीएवढ्या शेकडो गोळ्या पडल्या. सप्टेंबरच्या एका वळवासारख्या सरीने मोजक्याच पडल्या, पण तुरीच्या दाण्याएवढ्या. खानावळीच्या मावशी पिठाच्या नासाडीवर दोन दिवस बोलत होत्या. मुलांना सूत्र कळले नसेल, पण पाऊस आणि पाऊस यांत फरक असतो, हे चांगले कळले.

आता हे सारे आमच्या जिल्ह्याला लावून पाहू. कुलाब्यापासून घाटघर सव्वाशे किलोमीटरांच्या आत आहे, नगर शहर दोनशेवर, पाथर्डी अडीचशेच्या आसपास. रडारचा झोत जमिनीला समांतर सोडला तरी पृथ्वी गोल असल्याने ती त्याच्याखालून वाकत जाते आणि झोत आपोआप उंच होतो. त्यातून झोत किंचित वर धरावा लागतो. ढोबळ हिशेब केला तर झोताचा मध्य घाटघरवर पावणेदोन-दोन किलोमीटरांवर असतो, नगरवर चारांहून वर, आणि पाथर्डीच्या बाजूला साडेपाचांच्या पुढेमागे. शिवाय तो बॅटरीच्या उजेडासारखा पसरत जातो. पाथर्डीपर्यंत पोचताना त्याची जाडीच चार किलोमीटर झालेली असते. वाटेत कळसूबाईसारखी सोळाशे मीटरांवरची शिखरे आली, की खालचा भाग त्यांच्यावर आपटून तिथेच संपतो.

कड्यावर जे अंगाने कळले होते, त्याचा अर्थ इथे उलगडला. घाटघरचा पाऊस पायांशी येणाऱ्या ढगातून, बारीक थेंबांचा. झोताचा बराचसा भाग त्याच्या डोक्यावरून निघून जातो, आणि जे दिसते त्याचाही आवाज लहान. तिथे रडार पाऊस कमी सांगते, आणि पुष्कळच कमी सांगते. पूर्वेला उलटी तऱ्हा. पावसाळ्यात आपल्याकडे पाच किलोमीटरांच्या आसपास बर्फ वितळण्याचा थर असतो. वरून येणारे हिमाचे विरळ पीस तिथे बाहेरून वितळते आणि पाण्याने माखते. संक्रांतीच्या हलव्यात आत तीळ असतो, वरून पाक. पाहणाऱ्याला सारी साखरच वाटते. रडारचेही तसेच होते. त्याला तो भला मोठा थेंब वाटतो आणि पडदा लाल होतो. पाथर्डी, जामखेडकडे मुंबईचा झोत नेमका या थरात शिरतो. गारा असतील तर आणखी गोंधळ. आणि वरून पडलेले सगळे खाली पोचते असेही नाही. आमच्या पर्जन्यछायेतली जूनची कोरडी हवा वाटेतच थेंब पिऊन टाकते.

एका जिल्ह्यात एक टोक उणे, दुसरे अधिक. म्हणून रडारच्या आकड्याला सरसकट दीडाने गुणा किंवा निम्म्याने कापा, असा उपाय इथे चालत नाही.

मग जवळ रडार बसवावे, हे ओघानेच येते. लहान लहरींची रडारे स्वस्त आणि आटोपशीर असतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने वाईजवळ मांढरदेवच्या डोंगरावर असे एक बसवले होते. सोलापूरला ढगांत बीजारोपण करण्याच्या प्रयोगासाठी दुसऱ्या जातीचे होते. पण लहान लहरींचा दोष असा, की जोराच्या पावसातून जाताना त्याच क्षीण होतात. धुक्यात मोटारीचे दिवे जसे जवळचे झाड दाखवतात आणि पलीकडचा ट्रक लपवतात, तसे पहिल्या सरीच्या मागची दुसरी सर फिकी दिसते. नव्या रडारांत एक तोड निघाली आहे, आणि मला तिचे फार कौतुक वाटले. मोठा थेंब चित्रातल्यासारखा लांबट नसतो. पडताना तो खालून चपटा होतो, अनरशासारखा. आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी सोडल्या, तर त्यांच्या परतण्यातल्या फरकावरून थेंब किती चपटा, म्हणजे किती मोठा, ते कळते. शिवाय पाण्यातून जाताना आडवी लहर उभीच्या किंचित मागे पडते. ही पिछाडी मोजली तर झोत अर्धवट अडला असला किंवा यंत्राचा कान बिघडला असला, तरी हिशेब फारसा चुकत नाही.

तरीही शेवटी भांड्याकडे यावेच लागते. जिथे भांडे आहे तिथे भांड्याचा आकडा आणि रडारचा आकडा शेजारी मांडायचे, त्यांचे गुणोत्तर काढायचे आणि आसपासच्या मुलखात रडारला त्याप्रमाणे दुरुस्त करायचे. आकडा भांड्याने द्यायचा, आकार रडारने. वेल्समध्ये डी नदीच्या डोंगराळ खोऱ्यात १९७० च्या दशकात हा खटाटोप जलाशयांसाठी केला गेला. आमच्या प्रवरेसारखेच तेही खोरे, वर धरणे आणि खाली वाट पाहणारी माणसे. भांडी जितकी दाट, तितकी दुरुस्ती चांगली. आमच्याकडे एक भांडे सरासरी दीडशेहून अधिक चौरस किलोमीटरांचा कारभार पाहते.

पाऊस अचूक मोजणे किती जिकिरीचे, याचा आमच्या भागाला जुना अनुभव आहे. १९७३ ते १९८६ या काळातल्या अकरा पावसाळ्यांत नगर-बारामतीच्या पट्ट्यात पुण्याच्या याच संस्थेने विमानातून ढगांवर मीठ फवारण्याचे प्रयोग केले. पाऊस चोवीस टक्क्यांनी वाढल्याचा निष्कर्ष निघाला, पण त्यासाठी अकरा वर्षे लागली. आभाळ स्वतःच एका तालुक्याला दुप्पट आणि शेजारच्याला निम्मे देत असताना, त्यातले चोवीस टक्के माणसाचे की निसर्गाचे, हे ठरवायचे कसे?

दुसरी फेरी सप्टेंबरात, पूर्वेची. नगर सोडून पाथर्डीच्या रस्त्याला लागले की तासाभरात करंजीचा घाट येतो. गर्भगिरीचे हे डोंगर नाथपंथीयांचे. मढीला कानिफनाथ, पलीकडे मच्छिंद्रनाथ. घाटमाथ्यावर गाडी थांबवली. समोर वीसेक किलोमीटरांचा मुलूख लख्ख उन्हात पसरला होता, आणि त्यात एकाच ठिकाणी आभाळापासून जमिनीपर्यंत पावसाचा करडा खांब उभा होता. वाऱ्याने तो वर पुढे कललेला, खाली मागे राहिलेला. स्नेह्यांनी सांगितलेले आठवले: पाच किलोमीटरांवरून निघालेल्या थेंबाला खाली यायला दहा-बारा मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात वारा त्याला सहा-सात किलोमीटर नेऊ शकतो. रडार ज्या गावावर लाल दाखवते, पाऊस त्याच्या शेजारच्या गावाला भिजवतो. सहा-सात किलोमीटर म्हणजे आमच्याकडे मंडळ बदलते.

विद्यार्थ्याच्या बागेत बसून मी हे सारे त्याला सांगितले. त्याच्या पावसाबद्दल मला शंका नव्हती. फुटलेले बांध अजून दिसत होते. पण तो लाल ठिपका पुरावा म्हणून कोणी धरला असता, तर त्याच रात्री पलीकडच्या ज्या गावावर तसाच ठिपका होता आणि जिथे पाचोळाही भिजला नव्हता, त्या गावालाही भरपाई द्यावी लागली असती. हे त्याला मी सांगितले, आणि त्याने ते ऐकून घेतले. मग म्हणाला, "सर, म्हणजे रडार चुकतं म्हणून ते धरायचं नाही. आणि भांडं लांब आहे, तरी ते मात्र धरायचं?"

त्याचे म्हणणे रास्त होते. भांडे खरे आहे, पण अकरा किलोमीटरांवरचे खरे इथे खोटे ठरते. रडार चुकते, पण आपल्या शिवाराकडे पाहून चुकते. दोघांना एकत्र बसवून काढलेला आकडा एकट्या भांड्याहून जवळचा ठरेल, असे मला वाटते, आणि स्नेह्यांचेही तेच मत पडले. आणखी एक काटा साडेआठचा. सरकारी हिशेबात चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटर झाले की अतिवृष्टी. दिवस सकाळी साडेआठला बदलतो. पाऊस पहाटे सहाला सुरू होऊन अकराला थांबला, तर तो दोन तारखांत वाटला जातो आणि एकीतही पासष्ट भरत नाहीत. ओढ्याला पूर येतो तो मात्र एकच.

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने या प्रश्नाला आपल्यापुरते उत्तर शोधले आहे. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने तिथे गावातच पाऊस मोजतात, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून कोणते पीक घ्यायचे ते ठरवतात. आकडा गावाचा, निर्णयही गावाचा. विम्याच्या कागदावर मात्र तो आकडा चालत नाही.

माझ्या विद्यार्थ्यानेही बांधावर, झाडांपासून दूर, एक साधे पर्जन्यमापक लोखंडी खांबाला बसवले आहे. रोज साडेआठला तो वाचून शाळेच्या वहीत लिहितो, त्याच मोत्यासारख्या अक्षरात. भावकीतल्या दोघांनी त्याचे पाहून आपापल्या रानात बसवली, आणि तीन शेतांचे तीन आकडे क्वचितच जुळतात. वहीची छायाचित्रे मी पुण्याला पाठवली. स्नेह्यांचा दुसऱ्याच दिवशी फोन आला. वही चांगली आहे, म्हणाले. पण पाऊस झाला तेवढेच दिवस लिहिले आहेत, कोरडे दिवस वगळले आहेत. रडारने पाऊस दाखवला आणि खाली काहीच पडले नाही, ते दिवस दुरुस्तीसाठी तितकेच मोलाचे. मी निरोप पोचवला. ऑक्टोबरच्या पानांवर आता ओळीने शून्ये आहेत, प्रत्येकाच्या शेजारी वेळ लिहिलेली.